डावी बाजू

संयोगितानं शिवतेजच्या कानाखाली मारली तेव्हा कंपनीची गाडी विमाननगरच्या सिग्नलला उभी होती. दोघंही सकाळचं पहिलं उड्डाण संपवून परतत होते, अंगावर गणवेश तसाच. शिवतेज काही वाईट बोलला नव्हता. तो पूर्ण तिच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाला होता, "ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमचंही होईल." आणि तिचा उजवा हात उठला. विचार करून उठला असं नाही, पण नकळत उठला असंही तिला नंतर कधी म्हणता आलं नाही. हात वर जाताना तिनं तो पाहिला होता, थांबवायला पुरेसा वेळ होता, आणि थांबवला नव्हता. फटका भरून बसला. तळहाताच्या खोलगटात त्याचा डावा कान सगळाच्या सगळा मावला आणि आत हवा दाबली गेल्याचं तिला हातालाच जाणवलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. शिवतेज ओरडला नाही, नुसता कान धरून बसला, तोंड थोडं उघडं. सिग्नल सुटला तसं मागून हॉर्न वाजायला लागले. पुढच्या कोपऱ्यावर ती उतरली, बॅग ओढत फुटपाथवरून चालायला लागली, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. फार बरं. कित्येक महिने पोटात आवळून बसलेलं काहीतरी सुटलं होतं. भूक लागली होती. रस्त्याकडेच्या गाड्यावर तिनं उभ्यानं पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले, आणि तळहाताची आग ओसरू नये असं तिला वाटत राहिलं.

फ्लॅटवर जाऊन तिनं कपडे बदलले आणि झोपण्याऐवजी गाडी काढून गावाकडे निघाली. फ्लॅटवर कुणी नव्हतंच, आणि भिंतींशी बोलायची तिला भीती वाटत होती. खंबाटकीच्या घाटाला लागेपर्यंत ती ताठ होती. वळणं सुरू झाल्यावर सकाळचं उतरणं आठवलं. विमान तीच उतरवत होती. वारा बाजूनं होता, फार नाही, हाताला ओळखीचा. धावपट्टी समोर आली होती आणि डावीकडून, कॅप्टनच्या सीटवरून, शिवतेजचा आवाज आला, "माझ्याकडे द्या." नियमाप्रमाणे कॅप्टननं मागितलं की सोडायचं. तिनं सोडलं नाही. क्षणभर, फार तर दोन, दोघांच्या हातात एकच नियंत्रण होतं. तो ओढत होता आणि ती दाबून धरून होती, आणि मागं भरलेलं विमान बसलं होतं, कुणी मोबाईल शोधत असेल, कुणी मुलाचा पट्टा बांधत असेल. मग तिनं सोडलं. चाकं आपटली. त्यानं ते कुठं कळवलं नाही, याचा तिला राग होता. गाडीत बसल्यावर तो सांत्वन करायला लागला, याचाही. तिची जुनी कंपनी मोठ्या कंपनीनं विकत घेतली त्या वर्षी ती कॅप्टन व्हायची होती. परीक्षा झाल्या होत्या, पुढं फक्त दोन नावं होती. मग नवी सीनियॉरिटीची यादी लागली आणि जुन्या कंपनीतल्या सगळ्यांची नोकरी नव्या कंपनीत आल्या दिवसापासून मोजली गेली. अकरा वर्षं उजवीकडे, सहवैमानिकाच्या सीटवर बसलेली बाई एका सकाळी नवखी झाली. साथीच्या काळात कापलेला पगार परत आला नाही, पगाराच्या हमीचे उड्डाणाचे तास कमी झाले, आणि ज्यांना तिनं हवेत सरळ कसं राहायचं ते शिकवलं होतं ती पोरं तिच्या डाव्या हाताला येऊन बसायला लागली.

शिवतेज त्यांतला एक होता, मोठ्या कंपनीत आधीच लागलेला. कराडच्या धावपट्टीवर, विमानकंपन्यांत भरती बंद होती त्या वर्षांत, ती मदतनीस प्रशिक्षक म्हणून राबत होती. तेव्हा सांगलीहून आलेला हा घामट, घाबरा, हसरा मुलगा तिच्याकडे पडला. पहिल्यांदा एकट्यानं उतरवायला लावलं तेव्हा त्यानं विमान तीनदा उसळवलं होतं आणि खाली उतरून बाभळीच्या मागं जाऊन ओकला होता. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली होती. हाच हात. तिला त्याचं कौतुक वाटायचं. तो कॅप्टन झाला तेव्हा तिनं त्याला पेढे दिले होते आणि घरी येऊन स्वयंपाकघरातली काचेची बरणी ओट्यावर आपटली होती, एकदा नाही फुटली म्हणून पुन्हा. ती काच तिनं हातानंच गोळा केली. बोट कापलं तेव्हा थांबली नाही. त्या दिवसापासून तिला लोकांच्या गळ्यांकडे बघायची सवय लागली. लिफ्टमध्ये पुढं उभ्या माणसाची मान, तपासणीच्या रांगेतल्या जवानाची मान, प्रत्येक वेळी हात खिशात घालून ठेवायचा. हे कुणाला सांगता येत नाही. वर्षातून एकदा डॉक्टर विचारतात, झोप कशी लागते, आणि ती म्हणते, छान.

कोरेगावच्या पुढं तिचं गाव. दुपारी पोचली तेव्हा सोप्यात तिचे वडील, लालासाहेब आबा, बसले होते; लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, पण पाठ अजून भिंतीसारखी. आई राहीबाई आत भाकरी थापत होती. भावानं, शंभूराजनं, उसाला पाणी लावलं होतं, तो रानातच होता. तिनं चप्पल काढायच्या आधी आबांनी विचारलं, "आलीस व्हय? कवा हुनार गं कॅप्टन?" ते दर वेळी हेच विचारत. "न्हाई होत," ती म्हणाली. "कोन झालं मग?" तिनं सांगितलं. जेवायला बसल्यावर, का कुणास ठाऊक, हाताचंही सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की आबा ताट सरकवतील, शिव्या देतील, नोकरी गेली की गं म्हणतील. आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांचा चेहरा उजळत गेला. "कानसुलात?" "हं." "उजव्या हातानं?" "हं." ते हसले. दात पडलेलं, मोठं, मोकळं हसू, तिनं बारावीला पहिला नंबर काढला तेव्हाही ते असे हसले नव्हते. "बरं केलंस! लय बरं केलंस पोरी. रक्त हाय माझं." आणि त्यांनी स्वतःच्या ताटातली वाटी उचलून तिच्या ताटात आमटी ओतली. तिला खाता येईना. समोर आई उभी होती, हातात भाकरी, उजवा कान पुढं काढून, मान जराशी वाकडी. राहीबाई नेहमीच अशी उभी राहायची. डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं की तापात कान गेला.

ताप नव्हता. संयोगिता तेव्हा सहा-सात वर्षांची असेल, बेळगावच्या क्वार्टरमध्ये, खिडकीला हिरवी जाळी, जाळीवर पाल. आबा दुपारीच घरी आले. त्यांच्या हाताखाली राहिलेला जतकडचा एकजण हवालदाराच्या वर, नायब सुभेदार झाला होता आणि आबांचं नाव पुन्हा राहिलं होतं. हे तिला मोठेपणी कळलं. तेव्हा फक्त बूट दिसले, ते न काढता आत आलेले. आईनं काहीतरी विचारलं. साधंच असणार, जेवता का, किंवा चहा टाकू का, किंवा कदाचित ती म्हणाली असेल, असू दे, तुमचंही होईल. गाडी चालवताना, जेवताना, आता हात धुताना संयोगितेला खात्री वाटायला लागली की आई हेच म्हणाली असणार. फटक्याचा आवाज ओल्या कपड्यासारखा होता. आई खाली बसली आणि बसूनच राहिली, आणि तिच्या कानातून पाणी आलं, पाण्यात थोडं लाल. त्यानंतर कधीतरी, आठवड्यानं की महिन्यानं, संयोगिता आईच्या डाव्या अंगाला निजली होती आणि कानाशी तोंड नेऊन तिनं काहीतरी गुपित सांगितलं. आई छताकडे बघत राहिली. पुन्हा सांगितलं. मग तिला कळलं की ह्या बाजूला कुणी नाही. घरात शिरल्यावर दिवा नसावा तसं ते वाटलं होतं. त्या घरात तिनं किंचाळायला हवं होतं. त्याऐवजी तिनं कूस बदलली आणि आईच्या पलीकडे जाऊन निजली. आबांवर तिचं प्रेम होतं. तेही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवतेजचा फोन आला. आवाज लांबून बोलल्यासारखा. "ताई, कानात शिट्टी वाजतेय. थांबतच नाही. काल दुपारीच सांगलीला आलो, मिरजेला दाखवलं. पडद्याला भोक आहे म्हणाले." ती परसात उभी होती, गोठ्याच्या भिंतीला टेकून. "उडता येणार नाही," तो म्हणाला, "भोक बुजेपर्यंत. बुजलं तर. कंपनीला मी सांगितलंय, सर्दी होती, उतरताना कान दडपला. तुम्ही पण तेच सांगा. कुणी विचारलं तर." फोन ठेवल्यावर तिला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. त्याची डावी सीट रिकामी झाली, हे वाटलं. ती मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारायला लागली. आई मागं येऊन उभी राहिली होती. "कान फुटला न्हवं त्याचा?" राहीबाईनं विचारलं. तिला सगळं ऐकू आलं असणं शक्य नव्हतं. "मी येते संगट," ती म्हणाली. "कुठं?" "त्या पोराकडं. मला बगायचाय." आबा सोप्यातनं ओरडले, "काय बगायचं त्यात?" आईनं ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं; तिनं घडीचं लुगडं काढलं.

दोघी गाडीनं कराडकडे निघाल्या. आई डाव्या सीटवर बसली होती, चांगला कान संयोगितेकडे करून, आणि बाहेरची उसाची ट्रॉली, धाबे, पुलाखालची कृष्णा हे सगळं तिच्या बहिऱ्या बाजूनं मुकाट मागं जात होतं. पुढं एक दुचाकीवाला आडवा आला. संयोगितानं ब्रेक मारला, काच खाली केली आणि अशी शिवी दिली की तिचा तिलाच घसा सोलल्यासारखा झाला. तो पोरगा थांबला, वळला. तिचा हात दाराच्या कडीवर गेलेला होता, तिला उतरायचं होतं, त्याला लोळवायचं होतं, तो लोळला असता की नाही हा प्रश्नच तिच्या डोक्यात नव्हता. "चल," आई म्हणाली. एवढंच.

सांगलीत विश्रामबागेत शिवतेजचं घर. दार त्याच्या बायकोनं, अंकितानं उघडलं. लग्नात पाहिलेली, नाकेली, शांत मुलगी. आज तिनं या म्हटलं नाही, नुसती बाजूला झाली. शिवतेज कोचावर बसला होता, कानात कापूस, दाढी वाढलेली. त्याला पाहून राहीबाई सरळ त्याच्याजवळ गेली, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि कापसाकडे बराच वेळ बघितलं. तो लहान मुलासारखा बसून राहिला. संयोगिता म्हणाली, "शिवतेज, मी कंपनीला खरं सांगणार आहे."

"नाही," तो म्हणाला.

"मारलं मी. तू का खोटं बोलायचं?"

"तुमच्यासाठी बोललो असं वाटतंय तुम्हाला?" तो उठला. तिनं त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "मारामारी झाली म्हटलं की चौकशी बसते. दोघांना घरी बसवतील. सर्दीनं कान गेला तर फक्त आजारी, पगार चालू. आणि मला घरी बसून परवडत नाही, ताई. तुम्हाला वाटतं मी तुमच्या डोक्यावर बसलो. मला डावीकडे बसवलं म्हणजे काय केलं माहितीये? नव्या करारावर सही घेतली. कॅप्टन म्हणून मला जे मिळतं ना, ते तुम्हाला पूर्वी उजवीकडे बसून मिळत होतं. आम्ही हुशार म्हणून वर नाही गेलो. स्वस्त पडतो म्हणून गेलो."

"हे मला कधी सांगितलं नाहीस," अंकिता दारातूनच म्हणाली.

"काय सांगू? चौकात माझा फ्लेक्स लावला होता तुझ्या बापानं."

"मग हिला का सोडायचं?" अंकिताचा आवाज चढला. "पोलिसांत देऊ. तुझा कान आहे तो! बाई असली म्हणून काय झालं?"

राहीबाई अजून कोचाजवळ उभी होती. ती अंकिताकडे वळली, उजवी बाजू पुढं करून. "पोरी, ह्याचा बुजंल. औषद चालू हाय. माझा न्हाई बुजला. कुणी दवाखान्यात न्हेलंच न्हाई." मग तिनं स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. "ताप म्हणून सांगितलं ह्याच्या बापानं..." ती चुकली, थांबली, "हिच्या बापानं. सगळ्यांस्नी. मी पन तेच सांगत आले. सांगून सांगून मला सुदीक वाटाय लागलं, ताप आला आसंल." ती लेकीकडे बघत म्हणाली, "तू सांग बाई. ज्याला सांगायचं त्याला सांग. मारलं म्हणून सांग."

संयोगितानं फोन काढला. शिवतेज झेपावला. त्यानं तिचं मनगट धरून पिरगाळलं, टीपॉयवरचा पाण्याचा ग्लास खाली जाऊन फुटला, तिनं कोपर त्याच्या छातीत मारलं. जोरात, हाडाला हाड लागेल असं, आणि तो कळवळून मागं गेला तेव्हा तिला तीच कालची भूक पुन्हा लागली. कालच्यासारखीच, लखलखीत. तिचा पाय काचेवर पडला होता. अंकिता ओरडत होती, "अहो, कान! त्याचा कान!" आणि संयोगितेच्या लक्षात आलं की आपला हात पुन्हा वर आहे. ती तशीच मागं सरकत बाल्कनीत गेली, कडी लावून घेतली आणि चीफ पायलटला फोन लावला. काचेपलीकडून शिवतेज दार ठोकत होता. ती म्हणाली की शिवतेजच्या कानाला सर्दीनं काही झालेलं नाही, मी मारलं. मग तिनं दुसरं वाक्य म्हटलं, जे खरं नव्हतं, आणि ते तिनं अधिक ठामपणे म्हटलं: सर्दी सांग, नाहीतर पुन्हा मारीन, अशी मी त्याला धमकी दिली, तो घाबरून खोटं बोलला. चीफ पायलटनं विचारलं, आपण काय बोलताय ते कळतंय ना? हो म्हणाली. लेखी द्या, आजपासून तुमचं उड्डाण बंद, तो म्हणाला. आणि मग आवाज खाली आणून, माणुसकीनं म्हणाला की इतक्या वर्षांनंतर हे असं व्हावं, वाईट वाटतं. फोन तिच्या मुठीत इतका आवळला गेला की स्क्रीन विझली. तिनं कडी काढली. शिवतेज दारातच होता, त्यानं दुसरं वाक्यही ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला, आभार मानावेत की तोंडावर थुंकावं हे न ठरलेला माणूस बघतो तसा. शेवटी म्हणाला, "पायातनं रक्त येतंय तुमच्या." अंकितानं आतून फडकं आणून तिच्यासमोर टाकलं, हातात दिलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. आबा सोप्यात तसेच बसलेले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "नोकरी गेली," संयोगिता म्हणाली. "सांगून टाकलं मी." आबांनी मांडीवर हात आपटला. "सांगायचं कशापायी? मारलं तर मारलं, गप बसायचं!" राहीबाई पायरीवरच उभी होती. लुगडं न बदलता, डोक्यावरचा पदर न काढता ती म्हणाली, "आवं, आता तुमी सांगा."

"काय सांगू?"

"माझ्या कानाचं. लेकीसमोर सांगा. एकदा."

आबांचा जबडा हलायला लागला. संयोगितेला वाटलं, ते सांगणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं, आणि त्या म्हाताऱ्या तोंडातून जे बाहेर आलं ते असं होतं: "बिराप्पा. जतचा बिराप्पा. चार वर्सं ज्युनियर हुता मला. रायफल सुदीक नीट धरता येत नव्हती त्याला. माझ्या हाताखाली शिकला. आन त्याला दिली फीत." ते हुंदके द्यायला लागले. इतक्या वर्षांनी त्यांना त्या माणसाचं नाव, गाव, त्याची रायफल धरायची पद्धत सगळं कालचं असल्यासारखं आठवत होतं. आणि समोर पायरीवर उभी असलेली बाई त्यांत कुठंच नव्हती. सत्तरीतली एक म्हातारी संयोगितेला दिसली, अशीच सोप्यात बसून शिवतेजचं नाव घेणारी.

"आबा, पुरे," ती म्हणाली. "ते न्हाई विचारलं आईनं. कान विचारला."

"तू मला शिकवतीस?" ते उठले, आणि त्या वयात कुठून आला कळणार नाही इतका वेग त्यांच्या हातात आला. तो हात आईकडे निघाला होता की तिच्याकडे, हे त्यांनाही ठाऊक नसेल. संयोगितानं तो मधेच धरला. मनगट सुकलेल्या काटकीसारखं होतं. थोडं वळवलं असतं तर मोडलं असतं, आणि तिला वळवायचं होतं. खांद्यापासून बोटांपर्यंत तिचं सगळं अंग त्या एका वळणाची वाट बघत होतं. आबा दुसऱ्या हातानं तिच्या दंडावर बुक्क्या मारत होते. तिनं मनगट वळवलं नाही. सोडलंही नाही. हळूहळू बुक्क्या मंदावल्या, मग थांबल्या, आणि म्हातारा धापा टाकत तिच्या मुठीला लोंबकळल्यासारखा उभा राहिला. "सोड आता," आई म्हणाली, पण सोडल्यावर आपला हात कुठं जाईल याची संयोगितेला खात्री वाटेना; म्हणून ती तशीच उभी राहिली, ते मनगट धरून, त्यातली नाडी तिच्या बोटांखाली फडफडत असताना.